शंभरात पाच

निवृत्तीनंतर माणसाच्या सहीचा भाव उतरतो. छत्तीस वर्षं बँकेत माझ्या सहीवाचून कर्जाचा कागद हलत नसे. आता ती अगत्यानं मागितली जाते वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यावर.

मुलगी अमेरिकेत असते. फोनवर म्हणाली, "बाबा, इकडे ज्युनिअर अचिव्हमेंट म्हणून १९१९ सालची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक शाळेत जाऊन मुलांना पैशाचं शिकवतात. तुम्ही का नाही जात?" शेजारून हिनं "जाऊ दे की!" इतक्या उत्साहानं म्हटलं, की माझ्या लक्षात आलं, घरातली ही मुदत ठेव तिला केव्हाची मोडायची होती.

तर दर बुधवारी तिसऱ्या तासाला मी नगरपालिकेच्या शाळेत सातवीचा 'पैशाचे सर' झालो.

पहिल्या दिवशी दहाची नोट बाकांवरून फिरवली. पोरांनी मागच्या बाजूच्या पट्टीतल्या पंधरा भाषा मोजल्या. मराठी आठवी निघाली. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची नाही, वित्त सचिवांची सही असते, हे सांगितल्यावर वर्ग गार. मी फुगलो.

दुसऱ्या बुधवारी मागणी-पुरवठ्याची आकृती काढायला घेतली. खडू फळ्याला टेकतोय तोच दुसऱ्या बाकावरची, आईबरोबर मंडईत बसणारी मुलगी म्हणाली, "सर, सकाळी मेथीची जुडी वीसला. संध्याकाळी मेथी मान टाकते, मग भावपण मान टाकतो." मी आकृती पुसली.

तिसऱ्या बुधवारी मात्र हुकमाचं पान काढलं. बहात्तरला व्याजदरानं भागा, पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. "सहा टक्क्यांनी?"

"बारा!"

"म्हणजे आज शंभर ठेवलेत, तर तुम्ही चोवीस वर्षांचे व्हाल तेव्हा दोनशे!" याच वाक्यावर मी आयुष्यभर ठेवी गोळा केल्या होत्या.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तेव्हा वडापाव कितीला असेल?"

मी चाचरलो. तोही वर्षाला सहा टक्क्यांनीच महागला, तर वीसचा चाळीसला.

"म्हणजे आज शंभरात पाच आणि तेव्हा दोनशेत..."

"पाचच!" अख्खा वर्ग.

छत्तीस वर्षांत एकाही ठेवीदारानं हे विचारलं नव्हतं. माझी स्वतःची सगळी पुंजी मुदत ठेवीत आहे, आणि मीही विचारलं नव्हतं.

"व्याज घेतलं नाही, तर उलट पाचाचे अडीचच उरतील," मी बँकेची बाजू सावरली.

"पण सर, आत्ताच खाल्ले तर गरम मिळतील!"

यावर अर्थशास्त्राकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. शाळा सुटल्यावर फाटकासमोरच्या गाडीवर थांबलो. रात्री रोजच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं : शैक्षणिक साहित्य, रुपये वीस.

हिनं नोंद वाचली, माझ्या सदऱ्यावरचा लसणीच्या चटणीचा डाग पाहिला, आणि खर्च नामंजूर केला. सहीनिशी.