घडीवर वसलेली राज्ये

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील नकाशाचे आयुर्मान घडी ठरवते. १९८० साली ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ या काल्पनिक खेळविश्वाच्या पुस्तिकेसोबत डार्लीन या चित्रकर्तीचा षटकोनी जाळीचा देखणा रंगीत नकाशा दोन मोठ्या तावांवर आला. साहजिकच त्याला घड्या पडल्या. उभी आणि आडवी घडी जिथे मिळते, तिथे कागद आधी फाटतो. त्या जागी एखादे शहर असलेच, तर ड्रॅगन पोहोचण्यापूर्वीच ते नामशेष होते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या सुरुवातीच्या अनेक साहसपुस्तिकांत तळघरांचे नकाशे सुट्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस फिक्या निळ्या शाईत छापलेले असत. झेरॉक्स यंत्राला हा निळा नीट दिसत नाही, म्हणून नक्कल टळते, असे त्याचे समर्थन केले जाते. मंद दिव्याखाली खेळ चालवणाऱ्यालाही तो फारसा दिसत नसे, म्हणजे बंदोबस्त चोख होता.

खेळताना नकाशा आखायची व्हिनाइलची चौकडीदार चटई मात्र चिवट. तिच्यावर ओल्या फडक्याने पुसली जाणारी शाईच चालते. कुणीतरी हमखास व्हाइटबोर्डचे पेन उचलतो आणि एका रात्रीपुरती उभारलेली भिंत अजरामर होते. लॅमिनेशन केलेला नकाशा सांडलेल्या चहाला दाद देत नाही, पण घडी घातली की चिरतो. तो गुंडाळूनच ठेवावा.