शेपूट बघा, शेपूट!

तुमच्याही सोसायटीत हा गृहस्थ असणारच. आमच्याकडच्याला नाडकर्णी म्हणतात. जुहू विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर मुक्काम आणि गळ्यात दुधीभोपळ्याएवढी लेन्स. आपण जिव्हाळ्याचं काही सांगत असतो, तेवढ्यात वर घरघर होते आणि नाडकर्णी आपला दंड धरून ओरडतात, “शेपूट बघा, शेपूट!”

हेलिकॉप्टरचं तोंड ते बघतच नाहीत. तोंडावरून माणूस फसतो म्हणे. शेपटीत गोल कड्याच्या आत पंखा असेल आणि ते समुद्राकडे चाललं असेल, तर डॉफिन. ओएनजीसीच्या लोकांना घेऊन बॉम्बे हायला निघालेलं. पंखा उघडा आणि डोक्यावर तीनच पाती, तर चेतक. एमआय-८ आणि एमआय-१७ मधला फरक मला माझ्या साडूच्या दहाव्याला समजला. पहिल्याच्या शेपटीचा पंखा उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. “वैमानिकाच्या उजवीकडे हं, आपल्या नव्हे,” असं त्यांनी भटजींनाही बजावलं. कामोव्हच्या शेपटीला तर पंखाच नसतो. डोक्यावर दोन चक्रं, एकावर एक, उलट दिशांनी फिरणारी. ते दिसलं की नाडकर्णी संकष्टीलाही चंद्रोदयाची वाट बघत नाहीत.

भाचीच्या लग्नात फोटोची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली होती. शेवटच्या ‘सावधान’ला घरघर झाली. अल्बममध्ये नवऱ्या मुलाचा एक कान आहे आणि वर सुस्पष्ट डॉफिन. मी तक्रार केली, तर म्हणाले, “पाती बघा, कशी फिरताहेत! हजाराच्या शटरला काढलं असतं तर थिजली असती. यंत्र दोरीला टांगल्यासारखं दिसतं मग. मी सव्वाशेवर काढला.” नवरा मुलगाही हलला होता, पण त्याला पाती नव्हती.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की १९७२ सालची गोष्ट निघते. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निसटून गेलं. “वरच्या माणसाला खालचं ओळखता आलं नाही. निदान खालच्याने वरचं ओळखावं!”

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाइलाजाने का होईना. सकाळी समुद्राकडे गेलेलं प्रत्येक हेलिकॉप्टर त्यांच्या वहीत असतं आणि परतीची वेळ झाली की हा मनुष्य गच्चीवर येऊन उभा राहतो. तेव्हा कॅमेरा गळ्यात नसतो. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेलं एक डॉफिन समुद्रात कोसळलं, सात जण गेले. त्यानंतरची ही सवय. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारत नाही, त्यांची बायकोसुद्धा.

गेल्या निवडणुकीत त्यांना आमच्या गावी नेलं. शाळेच्या मैदानावर चुन्याने एच काढलेला, धुरळा, ढोल-ताशे, हार घेऊन रांग लागलेली. साहेब उतरले. सगळं गाव साहेबांच्या तोंडाकडे बघत होतं. नाडकर्णी अर्थातच मागच्या बाजूला गेले आणि शेपटीवरची व्हीटीपासूनची अक्षरं वहीतल्या अक्षरांशी ताडून पाहू लागले.

“अरेच्चा!” ते मोठ्यांदा म्हणाले, “मागच्या निवडणुकीत हेच समोरच्या पक्षाच्या सभेला आलेलं! तेव्हा त्यांचा प्रचार करत होतं.”

ढोल नेमका त्याच क्षणी थांबला होता. एक कार्यकर्ता बाह्या सरसावत पुढे आला. “ओ काका, कुणाबद्दल बोलताय? साहेबांबद्दल?”

“छे हो, हेलिकॉप्टरबद्दल,” नाडकर्णी निरागसपणे म्हणाले. “त्याला अंगावर नंबर लिहावा लागतो ना. तसा नियमच आहे.”