पोट्टं ऑफशोअर करून रायलं!

मला कुणाची उणीदुणी काढायची सवय नाही. कटिंगच्या दुकानात रोज जातो तो पेपर वाचायला. डोक्यावर कापण्याजोगं काही उरलेलं नाही, हे सगळ्या अंजनगाव सुर्जीला ठाऊक आहे. तर एकदा पेपराच्या चौथ्या पानावर होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, आयकलं का? पिवळ्या गेटवाल्याच्या लहान्याचं ऑफशोअर चालू हाय म्हणते."

वस्तरा थांबला. पंखाही थांबला, पण तो लाइन गेली म्हणून.

ऑफशोअर! २०१६ साली ती पनामाची कागदपत्रं फुटली तेव्हापासून हा शब्द आमच्या गावाला पाठ आहे. बाहेरदेशी खातं, खात्यात काळा पैसा आणि उद्या ना परवा दारात धाड. मग पैसा आला कुठून, याची चौकशी बसली. त्या घरची संत्र्याची बाग आहे, पण यंदाचा बहार निम्मा गळाला हे सगळ्यांनी पाहिलंय. पानमळा आहे, पण विड्याच्या पानात कुणी गडगंज झाल्याचं उदाहरण नाही. "पानपिंपरी!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना डोलल्या. पानपिंपरी काय भावानं गेली, हे आमच्याकडे सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नाही. दुपारपर्यंत बातमी दर्यापूरच्या एस्टीत बसून रवानाही झाली.

संध्याकाळी खरं काय ते कळलं, आणि ते काळ्या पैशाहून वाईट निघालं. पोट्टं शिकत होतं.

शिकणं हा गुन्हा नाही, मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण त्यालाही वय असतं. हा एकोणतिशीचा घोडा. अमरावतीत मेकॅनिकल झाला, तिथल्याच एमआयडीसीत लागला, रोज अपडाऊन करतो. आता पुढची पायरी कोणती? मुलगी पाहणं, आलूपोहे, मांडव. तर हा समुद्रातल्या पवनचक्क्यांची एम.एस्सी. करतोय. विद्यापीठ स्कॉटलंडचं, अभ्यास घरबसल्या, आणि तोही पार्टटाइम!

'पार्टटाइम' म्हणताना कटिंगवाल्यानं आवाज असा खाली आणला, जसा लोक दुसऱ्या घरोब्याबद्दल बोलताना आणतात. तिकडे म्हणे मास्टर्सचे १८० क्रेडिट असतात, त्यातले ६० नुसत्या प्रबंधाचे. पूर्णवेळ बसलं तर वर्षात सगळं खलास. नोकरीवाला माणूस तेच तीन-तीन वर्षं पुरवून खातो, आजीच्या लोणच्यासारखं.

बरं, हा एकटा असता तर गावानं पोटात घातलं असतं. पण अकोटचा एक लागलाय. परतवाड्याची एक पोट्टी लागलीय, तिनं म्हणे साखरपुड्याच्या रात्री मेंदीच्या हातानं असाइनमेंट पाठवली. डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ नोकरदारांना पवनऊर्जेचा मास्टर्स ऑनलाइन देतं. समुद्रातल्या तेलावर मोठं झालेलं ॲबर्डीन, तिथलं विद्यापीठ आता अक्षय ऊर्जेची एम.एस्सी. घरपोच करतं. ही नावं हल्ली आमच्या चौकात पथ्रोट-कापूसतळणीसारखी सहज घेतली जातात. काय काळ आला!

घरात काय चाललंय ते ऐका. स्कॉटलंडात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा होतात. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे ढकलतात, तेव्हा साडेदहा. त्या वेळेला पोट्टं कानाला हेडफोन लावून खोलीत. आणि त्याचा बाप? तो ओलितासाठी रात्रीच्या लाइनीची वाट पाहत मळ्यात. एका घरात दोन रात्रपाळ्या, दोन्ही विजेपायी! मधल्यामध्ये माय एकदा बापासाठी डबा बांधते, एकदा पोरासाठी चहा ठेवते.

"काय शिकून रायला रे बाप्पा इतकं?" तिनं एकदा विचारलं.

"समुद्रात पवनचक्की कशी रोवतात ते."

"समुद्रात? अन् आपल्या चिखलदऱ्यापाशी मोथ्याले हायेत, त्या काय पडून रायल्या का?"

या प्रश्नाला स्कॉटलंडच्या कुठल्या प्रोफेसराकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

लग्नाच्या बाजारात तर हाहाकार आहे. बायोडाटात लिहिलंय, 'एम.एस्सी. ऑफशोअर (चालू)'. पहिल्या पाहुण्यांना वाटलं, मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी येत नाही. मुलीची आई उठून गेली. दुसऱ्यांना पनामा आठवलं, ते मात्र जरा जवळ सरकून बसले. तिसऱ्यांनी सरळच विचारलं, "जावईबापूंनी समुद्र पाह्यला का?" पाहिलाय, एकदा. शाळेच्या सहलीत, गिरगाव चौपाटीवर. मीच नेलं होतं. तेव्हा याची एक चप्पल लाटेत गेली आणि हा दादरपर्यंत रडला. त्या समुद्राचा सूड घ्यायला निघालाय की काय, अशीही एक शंका भिशीत व्यक्त झाली.

शेवटी गावाच्या आग्रहावरून मी समज द्यायला गेलो. म्हटलं, "बाबा रे, वारा जमिनीवरही आहे. पाण्यात कशाला मरायला जाता?"

त्यानं वही उघडली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. समुद्रावर वाऱ्याला ना झाड आडवं येतं ना टेकडी, म्हणून तिथला वारा जोरकस आणि एकसारखा. डेन्मार्कनं १९९१ साली विंडेबीला पाण्यात पहिल्यांदा चक्क्या उभ्या केल्या, ११ चक्क्या मिळून जेमतेम ५ मेगावॉट. आता इंग्लंडच्या डॉगर बँकेवर त्याहून दुपटीनं मोठी एकेक चक्की. तिचं एक पातं १०७ मीटर! आपल्या गावच्या पाण्याच्या टाक्या एकीवर एक ठेवल्या तरी चारेक लागतील. खाली लोखंडाची एवढी रुंद नळी समुद्राच्या तळात ठोकतात की आत आमचं कटिंगचं दुकान खुर्च्यांसकट मावेल. आणि पाणी फार खोल असेल तर चक्की चक्क तरंगती ठेवून तळाशी साखळदंडांनी बांधतात. स्कॉटलंडला २०१७ पासून तशा पाच उभ्या आहेत. म्हशी बांधाव्यात तशा!

पण मला लागलं ते वेगळंच. बेट्झ नावाच्या जर्मन माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय की कुठलीही पवनचक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढूच शकत नाही. म्हणजे जगातली सगळ्यात हुशार पवनचक्की जन्मात फर्स्टक्लास मिळवू शकत नाही! साठ टक्क्यांसाठी मी किती पोरांचे हात छडीनं लाल केले, ते सगळे त्या रात्री डोळ्यांपुढे आले. मी हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

तरी मी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. म्हटलं, "आपल्या देशाच्या समुद्रात अशी वीज देणारी एक तरी चक्की दाखव."

पोट्टं गप्प. मग मीच मोजून दाखवलं. २०१५ ला धोरण झालं. २०१८ ला जाहीर झालं की २०२२ पर्यंत ५ हजार मेगावॉट आणि २०३० पर्यंत ३० हजार. २०२२ आलं आणि गेलं. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, ५०० मेगावॉट गुजरातला, ५०० तामिळनाडूला. निविदा निघाल्या, रद्दही झाल्या. आंदण जाहीर, मांडवाची जागा ठरली, आणि नवरदेवाचा पत्ता नाही! कोकणचं तर त्या योजनेत नावही नाही, म्हणजे महाराष्ट्राचा समुद्रसुद्धा याच्या कामाचा नाही.

"सर," तो म्हणाला, "समुद्र तिकडचा असला तरी हिशोब इकडे बसून होतो. चेन्नईले, पुण्याले हेच काम चालते. अन् इथं पहिली चक्की उभी राहीन, तेव्हा रोवणाराले आधीच शिकलेलं नको का?"

उलट उत्तर! तेही माझ्या विद्यार्थ्याकडून.

बाहेर कट्ट्यावर मंडळी निकालाची वाट पाहत होती. एक जण म्हणाला, "सर, आपला अन् समुद्राचा संबंधच काय?" आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली. इतिहासाच्या मास्तराला चुकीचं विधान ऐकवत नाही. मी म्हटलं, केवळ माहिती म्हणून सांगतो. शहानूरचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा तापीत, आणि हतनूर-उकाईच्या धरणांत अडून उरेल ती तापी सुरतेपुढे खंबायतच्या आखातात. गुजरातच्या चक्क्यांसाठी वारा मोजायचं यंत्र बसवलं ते त्याच आखाताच्या तोंडाशी, पिपावावजवळ. दुसरं, ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, त्यात भरूच गेलं, म्हणजे खंबायतच्या आखाताचा किनारा गेला. तो तह झाला कुठे? सुर्जी अंजनगावला! तिसरं, खारं पाणी म्हणाल तर आपल्याकडे आख्खा खारपाणपट्टा आहे, पंपाच्या लोखंडाला खार कसा खातो हे सांगायला स्कॉटलंड नको. आणि शेजारच्या तालुक्याच्या नावातच दर्या.

मी फक्त माहिती दिली. गावानं तिचं काय केलं पाहा! आता शहानूरच्या पुलावरून कुणी पानाची पिंक टाकली की दुसरा म्हणतो, "चालली पाह्य खंबायतले!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी लिहिलं नसतं. पण परवा म्हातारं बिघडलं.

पिवळ्या गेटचा आजा. वय ऐंशीच्या पुढे, हयात पानमळ्यात गेलेली. रात्री झोप येत नाही म्हणून नातवाच्या खोलीत येऊन बसला. पडद्यावर चक्क्यांच्या रांगा होत्या. आजा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मागच्या रांगेले वारा कमी भेटन."

"कायच्यावरून, आबाजी?"

"अबे, मळ्याच्या वाऱ्याच्या अंगाले शेवरी दाट कायले लावतो आपण? पुढची झाडं वारा खाते. मागची वेल निवांत राह्यते. तुह्या त्या चक्क्या जवळ जवळ रोवशीन, तर मागचीनं काय खावं?"

दहाएक मिनिटांनी प्रोफेसर नेमका तिथे आला. पुढची चक्की वाऱ्यातला जोर काढून घेते, मागचीला थकलेला, घोटाळलेला वारा मिळतो. म्हणून दोन चक्क्यांत पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या साधारण सातपट अंतर हवं, मोठ्या चक्कीला दीडेक किलोमीटर. आजानं मांडीवर थाप मारली. "दीड किलोमीटर! मंग मधात संत्रा लावता येते!" समुद्रात संत्रा लावता येत नाही, हे त्याला समजवायला रात्रीचा एक वाजला. तेव्हापासून आजा एकही तास चुकवत नाही. सून म्हणते, देवाचं नाव घ्यायच्या वयात म्हातारं वाऱ्याच्या मागे लागलं.

मळ्यात जन्म काढलेला माणूस हातचा गेला, तर तरण्या पोरांचं काय व्हायचं? मी कटिंगच्या दुकानात हे स्पष्ट बोललो. त्यावर कटिंगवाला वस्तरा पुसत म्हणाला, "सर, तुमी बी रात्री बाराले तिकडून बाहेर निंघता म्हणते."

खोटं आहे. म्हणजे, निघतो. पण मी जातो ते म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला. आणि ती नेमकी मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेदहालाच बिघडते, याला माझा काय इलाज?