शहानिशा सर

दुकानदारानं परत दिलेली चिल्लर मोजून घेणारी माणसं अमरावतीत पुष्कळ आहेत. आपल्याला मोजता येतं की नाही याचीही खात्री करणारे एकटे शहानिशा सर. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि उरलेला संशय त्यांनी माशांच्या टाकीत सोडला.

टाकीत अप्पर वर्ध्याचं पाणी आणि गप्पी मासे. मासे ठणठणीत आहेत, पण सरांच्या लेखी हा पुरावा नव्हे. पाणी तपासायला किट आणलं. किट कोण तपासणार, म्हणून दुसरं आणलं. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत औषध तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा कमी येतो. म्हणून पाहुण्याच्या हाती चहाआधी बाटली येते. "हालवा भाऊ, पोह्याले येळ हाय." रंग काकूंनी सांगायचा. "नारंगी हाय. काल बी नारंगीच होता."

अकोल्याच्या जवायांच्या टाकीत त्यांचं किट नायट्रेट १० दाखवे, सरांनी बडनेऱ्याहून रेल्वेनं नेलेलं ४०.

"मामाजी, खारपाणाचा गुण असन."

"काटेपूर्णेचं पाणी पिता अन् खारपाण म्हंता? महानचं धरण त्या पट्ट्यात नाही जी. किटच खोटं हाय!" सरांना इतकं खुशीत कोणी पाहिलं नव्हतं.

मग पक्कं द्रावण आलं. कृषी केंद्रातून संत्र्यावर फवारायचं १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातलं १.६३ ग्रॅम सराफाच्या काट्यावर तोललं. सराफानं घडणावळ विचारली. ते बॅटरीच्या पाण्यात विरघळवून एक लिटर केलं, की नायट्रेट १००० मिलिग्रॅम. त्यातलं ४० मिली घेऊन पुन्हा लिटर केलं, की बरोबर ४०.

सरांचं किट म्हणालं ४०. जवायांचं, १० च्या आसपास. चोर सापडला! जवायांनी तेवढ्यात खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्यांचं किट पूर्ण नायट्रेट नव्हे, त्यातला नुसता नायट्रोजन मोजत होतं. ४.४३ नं गुणा, तेच उत्तर. दोन्ही किटं खरी.

सरांना जेवण गेलं नाही. रात्री उशिरा ते ताडकन उठून बसले.

"अवो, पुडीवर नायट्रोजन १३ टक्के लिहेल हाय. शुद्ध मालात पावणेचौदाच्या वर पाहिजे. म्हंजे आपलं ४०, ४० नव्हतंच!"

"मंग?"

"मंग दोन्ही किटं ४० कायले सांगतात?"

काकूंनी दिवा मालवला. सकाळी सराफ दुकान उघडायला आला, तेव्हा सर पायरीवर बसले होते. काटा तपासायचा होता.