पेण ते रोहा : संगणकावर ठाम मत बनवण्याचा पहिला पाठ

साहित्य : दिवा–रोहा गाडीत बसायला जागा, खणखणीत आवाज आणि रोह्याआधी न उतरणारा एक सहप्रवासी. संगणक असलाच पाहिजे असं नाही. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा एवढा टप्पा नवशिक्याला पुरतो. मुरलेली मंडळी पेणच्या फलाटावरच ठाम झालेली असतात. त्यांच्या नादी लागू नये.

सुरुवात "लिनक्स वापरतं कोण?" या प्रश्नाने करावी. विचारण्याआधी हातातला अँड्रॉइड फोन खिशात टाकावा. त्याच्या गाभ्यात लिनक्सच आहे, आणि समोरच्याला हे ठाऊक निघालं तर मत कासूच्या आतच आडवं होतं. तसंही घाबरू नये. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली, तेव्हा हा नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही, असं त्यानेच सांगून टाकलं होतं. म्हणजे तुमच्या मताला खुद्द कर्त्याचा पाठिंबा होता. पुढे त्याने तो काढून घेतला, ते सोडा.

नंतर पैशांचा मुद्दा. लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हा युक्तिवाद आपल्याकडे करू नये, हसं होतं. विंडोजसुद्धा कोणीतरी 'टाकून देतो', आणि त्याला दिलेले दोनतीनशे रुपये त्याच्या मेहनतीचे असतात, विंडोजचे नव्हेत. ज्याने सॉफ्टवेअरला कधी पैसाच मोजला नाही, त्याला फुकटाचं काय कौतुक?

मग समोरचा म्हणेल, कोड उघडा असतो, कोणीही तपासू शकतो. तुम्ही विचारायचं, तपासतो कोण? इथे आवाज चढवावा, कारण प्रश्न खरोखर चांगला आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं गुणी सहकाऱ्याचं सोंग घेऊन विश्वास कमावला होता. दुसऱ्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच संशयावरून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने तो हुडकला. उघड्या कोडचा विजय म्हणून ही गोष्ट सांगता येते आणि त्याची फजिती म्हणूनही. डबा बघून ठरवावं. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हे दोन्ही बाजूंनी शेवटी सांगायचं.

नागोठण्याला सी भाषेचा विषय काढावा. इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी जवळपास असतोच, आणि सी तो टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेला असतो. ते सॉफ्टवेअर त्याच्या जन्माआधीचं. तो सांगेल, चांगला प्रोग्रामर चुकत नाही. शेजारी धाटावच्या रासायनिक कारखान्यात जाणारा कोणी असेल तर त्याच्याकडे बघावं. हे वाक्य त्याच्याकडे कोणी उच्चारलं तर सेफ्टी ऑफिसर त्याला पुन्हा ट्रेनिंगला बसवतो.

भानगड अशी आहे. हमरापूरच्या गणपती कारखान्यात एका फळीवर वीस मूर्ती मांडल्यात आणि तुम्ही एकविसावी मागितली. रस्ट भाषा म्हणते, एकविसावी नाही, आणि काम थांबवते. सी बिनदिक्कत फळीपलीकडे हात घालते आणि लागेल ते देते : दुसऱ्याने बुक केलेली मूर्ती, रंगाचा डबा, काहीही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं नेमकं हेच झालं. मूल्यं दिली होती वीस, वाचायला गेलं एकविसावं. जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. 'विंडोजच वाईट' म्हणण्याचा मोह इथे आवरावा. चूक विंडोजची नव्हती. आणि रस्ट असती तर सगळं सुरळीत चाललं असतं, असंही म्हणू नये. रस्टचा प्रोग्रामही अशा वेळी बंद पडू शकतो; फक्त अंधारात हात घालत नाही.

ही रस्ट ग्रेडन होअरने २००६ साली करायला घेतली. व्हँकूव्हरमधल्या त्याच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअरमुळे बंद पडली होती आणि घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना माणसाला मतं सुचतात. याला भाषा सुचली. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के फळीपलीकडे हात घालण्यासारख्या मेमरीच्या चुकांमुळे असतात, हे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही रस्टला प्रवेश मिळाला. हे दोन आकडे पाठ असले की निडीपर्यंत कोणी बोलत नाही.

फक्त एक माणूस टाळावा : डीटीपीवाला. मंडळाचा अहवाल, लग्नपत्रिका, पापडाच्या पाकिटाचं लेबल, सगळं त्याच्याकडे २००१ सालच्या पेजमेकरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. "लिनक्सवर हे चालतं का?" एवढंच तो विचारतो. सरळ चालत नाही. सगळ्या डब्यात त्याचंच मत कामातून आलेलं असतं, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मात्र त्याचा खरा तुरुंग विंडोज नव्हे. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. डीटीपीवाल्याचं जुनं यंत्र गेलं की पंचवीस वर्षांचे अहवाल गेले. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, आणि त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट कोणीही घ्यावेत, छापावेत, परवाना मोकळा आहे. लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर शिकायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत.

तेव्हा रोह्याला उतरलात की मत डब्यातच ठेवा, परतीच्या गाडीत कोणाला तरी लागेल. तुमच्या मंडळाचे, पतपेढीचे, वाचनालयाचे जुने कागद ज्या संगणकात आहेत तो एकदा उघडा आणि त्यातलं मराठी युनिकोडमध्ये आणून घ्या. त्यानंतर लिनक्स घ्या नाहीतर विंडोज, फारसा फरक पडत नाही.