आजीनं नीट ठेवलंय

इंदूरहून मुंबईच्या रस्त्याला लागलं आणि महू मागं पडलं, की घाट उतरायच्या आधी मानपूर येतं. ट्रकवाले इथं चहा पितात, टायरांना लाथ मारून हवा बघतात आणि खाली नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण १८६० पासून पुढची कित्येक दशकं हे गाव आजूबाजूच्या गावांना परमुलूख होतं. शिंद्यांशी झालेल्या तहात मानपूर परगणा इंग्रजांकडे गेला. चहूकडे होळकर, धार वगैरे संस्थानं आणि मधेच हा साठेक चौरस मैलांचा ब्रिटिश हिंदुस्थान. एवढ्याशा मुलखात नेमके कोणते कायदे चालायचे, हे ठरवायला १९२६ साली वेगळं रेग्युलेशन करावं लागलं. गावात त्याची प्रत कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

शिवेवर शिपाई उभा नसायचा. पण कायद्याला शिपाई लागतोच असं नाही. समजा, मानपूरची एखादी लेक शेजारच्या होळकरी गावात दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. मुलगा झाला. ब्रिटिश मुलखात जन्मला म्हणून तो पाळण्यातच बादशहाचा प्रजाजन, आणि बापाच्या घराण्यामुळे होळकरांची रयतही. दुसरं बाळंतपण सासरी झालं. हा धाकटा मात्र निव्वळ होळकरांचा. इंग्रजांच्या दफ्तरात ‘संरक्षित व्यक्ती’. पुढं दोघं भाऊ विलायतेला निघाले असते, तर एकाच आईच्या दोन लेकरांच्या पासपोर्टांवर दोन वेगळे दर्जे छापले गेले असते. कारण काय, तर आईला पहिल्या खेपेला डिंकाचे लाडू माहेरी मिळाले आणि दुसऱ्या खेपेला सासरी! दुहेरी नागरिकत्वाचा शोध हल्लीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लावला, असं समजणाऱ्यांनी एकदा मानपूरला यावं.

आणि गंमत बघा. या गावापासून वीसेक किलोमीटरवर, महूच्या छावणीत, १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचं, जन्म माळव्यातला. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमं मांडताना त्यांनी सांगून टाकलं, की एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कशानं झाली नाही. फाळणीची लाखो माणसं डोळ्यांसमोर होती, तेव्हा डोकं दुखणारच. त्या गठ्ठ्यातलं नववं कलम सुटसुटीत आहे: आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत, तर भारताचे नागरिक राहिला नाहीत. माणसाला एका वेळी एकच घर, असा हा हिशोब.

आम्हा माळव्यातल्या मराठ्यांना मात्र तो कधी जमला नाही. बाजीरावाच्या काळात घोड्यावरून आलेले आमचे पूर्वज इथलेच झाले, पण कुलदैवत कोकणात किंवा जेजुरीला राहिलं. पुण्यात तोंड उघडलं की ‘तुम्ही हिंदीभाषक का हो?’ असं विचारतात, आणि इंदूरच्या सराफ्यात पोहे खाताना शेजारचा सांगतो, ‘आप लोग तो महाराष्ट्र के हो.’ दोन्हीकडे पाहुणे. सुदैवानं सेंधव्याचा घाट ओलांडून शिरपूर-धुळ्याला जाताना कुणी कागद मागत नाही.

होळकरांनी तर नागरिकत्व द्यायची स्वतःची पद्धत काढली होती. १९२८ साली तुकोजीराव तिसरे यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलर या तरुणीशी लग्न करायचं ठरवलं. अर्ज नाही, शुल्क नाही, बोटांचे ठसे नाहीत. तिला विधिपूर्वक हिंदू करून घेतलं, शर्मिष्ठादेवी नाव ठेवलं, धनगर समाजात दत्तक घेतलं आणि बडवाहला लग्न लागलं. तेव्हा आरडाओरडा पुष्कळ झाला, पण बाई पुढं कायमच्या होळकरांच्याच राहिल्या. देशांनी माणसं दत्तक घ्यायची ठरवली तर निम्मे वकील उपाशी मरतील.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती बर्मिंगहॅमला असते. काही वर्षांपूर्वी तिनं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, भारताचा पासपोर्ट परत केला आणि त्याच्या बदल्यात ओसीआय कार्ड आलं. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया हे त्याचं भारदस्त नाव. नावात सिटिझन असलं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नीट वाचलं तर तो जन्मभराचा व्हिसा आहे. सरकारनं २००५ मध्ये ही मधली वाट काढली. घरात घ्यायचं, पण देवघरात नाही. सुरुवातीला तर पासपोर्टात एक स्टिकर चिकटवत, आणि पासपोर्ट बदलला तरी स्टिकरसाठी जुना पासपोर्टही बरोबर बाळगावा लागे. मुलं जुन्या फोटोतली आपली टोपडी बघून हसत आणि आईवडील दोन-दोन पुस्तकं सांभाळत.

माझ्या मुलाच्या लग्नाला भाची नवरा आणि मुलासह निघाली. विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट बघितले आणि विचारलं, भारताचा व्हिसा? भाचीनं पर्स उपसली, मग बॅगा उपसल्या. मग मला फोन.

‘मामा, आमची कार्डं कुठं आहेत?’

मी आईकडे बघितलं. आई मानपूरच्या घरी असते. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, घर तिथंच राहिलं. तिनं शांतपणे सांगितलं, ‘मागच्या खेपेला माझ्याकडे दिली होती ना तिनं. नीट ठेवलीत.’

कपाट उघडलं. रेशन कार्ड, समग्र आयडीचा कागद, जमिनीची ऋण पुस्तिका, वडिलांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, तिन्ही कार्डं. घरात शिरायची किल्ली घरातच कुलपात होती. आईला मी समजावलं, की ही कार्डं त्यांच्याबरोबर असायला हवीत. तिला काही पटलं नाही. ‘इकडं यायला लागतात ना? मग इकडंच असलेली बरी.’ या युक्तिवादातली चूक शोधायला मला बराच वेळ लागला.

भाचीला वाटलं, हा त्रास आपल्याच नशिबी. पण तिच्या शेजारणीचं उलट झालेलं. शेजारीण मूळची दुसऱ्याच एका देशाची. दोन देश, दोन पासपोर्ट, ब्रिटिश पासपोर्टाची मुदत संपलेली. पूर्वी ब्रिटनमध्ये शिरताना दुसऱ्या पासपोर्टावर चालून जायचं. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटननं सांगितलं, की आपल्याच दुहेरी नागरिकांनी ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा, नाहीतर हक्काचं प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्राचे तेव्हा ५८९ पौंड! हक्क आहे, एवढंच लिहून द्यायला इतके पैसे. तेवढ्यात मानपुरात अख्ख्या आळीचं जेवण उठतं.

कार्डं कुरिअरनं गेली. इंदूरच्या कुरिअरवाल्यानं पाकिटात काय आहे विचारलं, तर आईनं फोनवरून बजावून ठेवलं होतं म्हणून मी लसणाची शेवही काढून दाखवली. ती त्यानं परत दिली. तिकिटं बदलली, पैसे गेले, आणि मंडळी सीमांतपूजनाच्या संध्याकाळी येऊन पोचली. आपल्याकडे ही एक सुरेख गोष्ट आहे. शिवेवर आलेल्याचे पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे द्यायचे आणि मग आत घ्यायचं. कुठून आलात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का, यातलं कुणी काही विचारत नाही. (मानपानावरून रुसणं असतं, पण ते व्हिसाच्या मुलाखतीपेक्षा परवडलं.) भाचीच्या सात वर्षांच्या मुलाला आईनं नवरदेवाशेजारी पाटावर बसवलं आणि त्याचेही पाय धुतले. त्याला वाटलं, इमिग्रेशनमध्ये राहिलेलं काहीतरी इथं पुरं करतात. त्यानं खिशातून पासपोर्ट काढून पणजीच्या हातात दिला.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची बॅगा भरायला बसली. आई आली, तिच्या पर्समधून तिन्ही कार्डं काढली आणि रबर शोधायला लागली.

‘अगं आजी, ती राहू देत.’

‘प्रवासात कुठं हरवशील. तिकडं लागतात का?’

‘तिकडं तशी नाही लागत, पण—’

‘मग झालं तर,’ आई म्हणाली, आणि कपाटाकडे वळली.