नातू चुकला आणि कॅमेरा चालू होता

"काय ओ काकू, आज झाडांना पाणी घालताय की झाडांवर राग काढताय?"

"राग येणार नाही तर काय? तुझी लेक माझ्या नातवाचा सिनेमा काढतेय, आणि त्यात तो जिन्यावर तोंड पाडून बसलेला दिसतो म्हणे. अख्ख्या गल्लीला ठाऊक आणि आजीला सगळ्यात शेवटी कळतंय!"

"सिनेमा कसला, छोटासा माहितीपट आहे. तिच्या डिप्लोमाचा प्रोजेक्ट. पोरांचा बँड पहिल्यांदा स्टुडिओत जाऊन गाणं रेकॉर्ड करतो, एवढाच विषय."

"अगं, मग गाणं दाखव की! जिना कशाला दाखवायचा?"

"तेच मी पण विचारलं. ती म्हणते, आई, गाणं काय, सगळ्यांच्या मोबाईलवर येणारच आहे. ते तयार होताना काय काय झालं ते कुणाला दिसणार?"

"पण माझं पोरगं चुकेलच कसं मी म्हणते? गणपतीत वाजवलं तेव्हा लोक खुर्च्या सोडून उभे राहिले होते."

"गणपतीत त्याच्या कानात टिकटिक नव्हती ना काकू. स्टुडिओत हेडफोन घालून बसवतात आणि त्यात एकसारखा ठोका चालू ठेवतात. क्लिक म्हणतात त्याला. मिनिटाला 96 ठोके ठरले की शेवटपर्यंत 96च. तुमचा नातू रंगात आला की पुढं पळतो. स्टेजवर बाकीचे पण त्याच्यामागं पळतात, ऐकणाऱ्याला मजा येते. इथं टिकटिक काही पळत नाही."

"आजोबांवर गेलाय. गाडी दहाची असली की हे आठलाच मिरज स्टेशनवर जाऊन बसायचे."

"आणि पहिला नंबर त्याचाच असतो बघा. आधी सगळे मिळून कसंतरी कच्चं वाजवतात, नुसतं वाट कळावी म्हणून. मग याचे ड्रम. त्यावर बेस, त्यावर गिटार, आणि गाणं सगळ्यात शेवटी. ड्रम हलले तर वरचं सगळंच हलतं. म्हणजे बाकीचे वडापाव खात बाहेर उभे आणि हा एकटा आत. वर स्टुडिओचं भाडं तासावर!"

"थांब. म्हणजे सगळे एकदम वाजवत नाहीत?"

"नाही ना! मला पण धक्काच बसला. आपण ऐकताना वाटतं, काय सुंदर जमलंय एकमेकांचं. आणि तिथं प्रत्येक जण एकटा. ती गाणारी मुलगी आहे ना, ती काचेपलीकडच्या खोलीत एकटीच उभी. साथ तिच्या हेडफोनात. आपण त्या खोलीत उभं राहिलं तर नुसता तिचा उघडा आवाज ऐकू येतो, मधेच श्वास, मधेच ती गप्प उभी राहून मान डोलावते. आमच्या लेकीनं तेच टिपलंय. स्वतःचं छोटं रेकॉर्डर त्या खोलीत ठेवलं आणि रेकॉर्डिस्टच्या टेबलावरून सगळं एकत्र जाणारं गाणं पण वेगळं घेतलं. एडिटिंगमध्ये आधी नुसता उघडा आवाज येतो आणि मग अचानक सगळी साथ उघडते. अंगावर काटा आला माझ्या."

"ते दोन्ही आवाज चित्राला जुळवतात कसे?"

"टाळी वाजवून! खरंच सांगते. कॅमेरा, रेकॉर्डर सगळं सुरू केलं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हात मिळाले ते चित्रात दिसतं आणि आवाजात टाळीचं टोक उठतं, ती दोन्ही एकाखाली एक लावायची. सिनेमावाल्यांची पाटी पण त्याचसाठी असते म्हणे. मी इतकी वर्षं समजत होते, त्यावर फक्त नंबर लिहितात."

"आणि त्या रेकॉर्डिंगवाल्यानं हिला आत येऊ तरी कसं दिलं?"

"कसलं देतोय! पहिल्या दिवशी नुसता एक कोपरा दाखवला, म्हणाला, इथनं हललीस तर बाहेर. बांगड्या काढायला लावल्या, चपला बाहेर, पायात मोजे. फोन पूर्ण बंद. कॅमेऱ्याची लेन्स फोकस घेताना जरा किरकिरते, तर म्हणाला, हातानं फोकस कर. ट्यूबलाइट चित्रात लुकलुकत होती, तेव्हा हिनं शटर एक पन्नासांशावर ठेवलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्याच्याशी मेळ बसावा लागतो. ते बघून मात्र त्याला वाटलं असावं, पोरीला काहीतरी येतं. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारतोय, माझा चहा पितानाचा शॉट कसा आलाय, पोट दिसत नाही ना?"

"दिसणारच. कोल्हापूरचा आहे ना? तांबडा-पांढरा लपत नाही."

"काकू, तुम्ही पण ना! पण मला सगळ्यात आवडलं ते तंबोऱ्याचं. गिटार वाजवणारा पोरगा आपल्या सतारमेकर गल्लीतला, घरी पिढ्यान् पिढ्या सतारी-तंबोरे करतात आणि हा गिटार वाजवतो. वडील बोलेनात त्याच्याशी. तर गाण्याच्या सुरुवातीला तंबोरा हवा म्हणून यानं घरातला नेला. आता रेकॉर्डिंगला एसी बंद करतात, आवाज येतो म्हणून. टेक झाला की उकडतं म्हणून परत लावतात. तंबोरा दर वेळी उतरणारच. मग हा पोरगा मांडी घालून बसतो, मणी थोडे सरकवतो, जवारीवरचा दोरा बोटानं इकडं-तिकडं करतो, कान भोपळ्याला लावतो. लेकीनं नुसती बोटं घेतलीत, तोंड नाहीच. दोरा जागेवर आला की तार एकदम घुमायला लागते, ते कळतं हो बघताना. वडिलांना तेवढा तुकडा दाखवला. म्हणाले, 'हात बरा बसलाय.' एवढंच. पण बोलले."

"खाँसाहेबांच्या गावचा पोरगा आहे, हात बसायलाच हवा. आमचे हे सांगायचे, अब्दुल करीम खाँसाहेबांनी पार 1905च्या सुमाराला तबकड्या भरल्या होत्या. तेव्हा कुठली क्लिक न् कुठलं हेडफोन? भोंग्यासमोर बसायचं आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचा."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर एकतर ती तबकडी टाकून पहिल्यापासून गायचं, नाहीतर चूक तशीच राहायची. लोक तीच ऐकायचे आणि वाहवा म्हणायचे."

"बघा, आली ना बरोबर मुद्द्यावर! आता चूक गाण्यात राहतच नाही. एक ओळ बिघडली तर तेवढीच परत गायची आणि चिकटवायची. एक ठोका मागं पडला तर माउसनं धरून पुढं सरकवायचा. तुमच्या नातवाचा घाम, ते चुकणं, परत बसणं, यातलं गाण्यात काही म्हणजे काही उरत नाही. लेक म्हणते, हे सगळं कुठंतरी राहायला नको का? ती जागा माहितीपटाची."

"राहू दे की. पण माझ्याच नातवाचं का? जगात ढोलवाले कमी आहेत?"

"अहो, मोठमोठ्यांच्या ढोलवाल्यांचं पण हेच झालंय. ते बीटल्स ऐकलेत ना, लंडनचे?"

"लिव्हरपूलचे. रेडिओ सिलोन तू नाही, मी ऐकलाय."

"बरं, लिव्हरपूलचे. 1962च्या जून महिन्यात लंडनच्या एका स्टुडिओत गेले, तेव्हा त्यांचा ड्रमवाला वेगळाच होता. तिथल्या जॉर्ज मार्टिनसाहेबांना त्याचं वाजवणं पसंत पडलं नाही. ऑगस्टमध्ये पोरांनीच त्याला काढलं आणि रिंगो स्टारला घेतलं. सप्टेंबरात रिंगोनं वाजवलं, तरी साहेबांच्या मंडळींचं समाधान नाही! 11 सप्टेंबरला भाड्याचा ड्रमवाला बोलावला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली."

"खंजिरी? ज्यांच्या गाण्यावर दुनिया नाचली, त्यांच्या ढोलवाल्याला?"

"त्यालाच. मग पुढच्या फेब्रुवारीत एकाच दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली त्यांनी, रिंगोसकट. सगळे एकदम, आताच्यासारखं तुकड्या-तुकड्यानं नाही."

"मग त्या खंजिरीचा माहितीपट काढला का कुणी?"

"तेच तर! स्टुडिओतला मोठा माहितीपट झाला तो 1969च्या जानेवारीत, बँड फुटायच्या बेतात असताना. पॉल आणि जॉर्ज कॅमेऱ्यासमोर कुरकुरतायत. 1970 साली चित्रपट आला आणि मग कितीतरी वर्षं तो धड कुठं बघायलाच मिळेना. 2024मध्ये परत काढला. त्याच्या आधी 2021मध्ये पीटर जॅक्सननं त्याच जुन्या साठेक तासांच्या फिल्ममधून जवळजवळ आठ तासांची मालिका केली, आणि त्यात दिसलं की भांडणाइतकीच मस्करी पण चालली होती. सामान तेच; काय ठेवायचं नि काय टाकायचं, त्यावर सगळं. म्हणून लेक म्हणते, जिना तेवढा ठेवला आणि पुढचं टाकलं तर अन्याय. पण जिनाच टाकला तर पुढचं खरं वाटणार नाही."

"आठ तास! आणि हिचा किती?"

"पंधरा मिनिटं. त्यातही कात्री लागली. कोल्हापूरला जाताना पोरं गाडीत जुनं चित्रपटगीत गात होती, तोंडानं, हसत-खिदळत. फार गोड शॉट. तो काढावा लागला."

"का? तोंडानं गायलं तर कुणाचं काय जातं?"

"गीतकार-संगीतकारांचा हक्क असतो की. ते गेल्यावरही 60 वर्षं राहतो. परवानगी आणायची तर तिचे सर म्हणाले, आधी कुणाला विचारायचं ते शोधण्यातच तुझं वर्ष जाईल. पोरांचं स्वतःचं गाणं आहे, ते वापरायला त्यांनी लिहून दिलंय. आणि आपापलं चित्रण दाखवायला पण सगळ्यांनी सह्या केल्यात. तुमच्या नातवानं सुद्धा."

"सही करायच्या आधी आजीला विचारलं का?"

"एकवीस वर्षांचा घोडा तो! उलट कच्ची फिल्म सगळ्यांना दाखवली, तर गिटारवाला म्हणाला माझे केस नीट दिसत नाहीत, बेसवाला म्हणाला मी फार कमी दिसतो. तुमचा नातू एकटाच म्हणाला, जिना ठेव."

"तो म्हणाला?"

"हो. पुढं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही वाटतं. हा जिन्यावर बसलेला. रेकॉर्डिस्ट चहा घेऊन आला, म्हणाला, 'टिकटिक कानाला टोचतेय का?' हा म्हणाला, 'डॉक्टरांकडं बसल्यासारखं वाटतं.' तर त्यानं आत जाऊन तो टिकटिकीचा आवाजच बदलला. ठोका तोच, 96चाच, पण आवाज टाळांचा. आपल्या भजनातल्या. पोरगा आत गेला, डोळे मिटले आणि बसला की ओ तालात! एकदा पण पळाला नाही. बाहेर आल्यावर म्हणतो, 'दर गुरुवारी आजीचं भजन उशाशी चालायचं, टाळ माझ्या झोपेत पण वाजतात.' हे सगळं आहे फिल्ममध्ये."

"असं म्हणाला? कॅमेऱ्यासमोर?"

"कॅमेऱ्यासमोर."

"आणि इकडं मला म्हणायचा, आजी, तुझं भजन बंद कर, अभ्यास होत नाही! चोर मेला. ... काय गं, मग माझा फोटो-बिटो काही लागेल का त्यात? भजनाचा? मंडळातल्या बायकांना मी नऊवारी नेसायला सांगते."

"विचारते लेकीला. पण नऊवारी-बिऊवारी नको म्हणेल ती. ती म्हणेल, रोजच्यासारखं बसा आणि कॅमेऱ्याकडं बघू नका."

"कॅमेऱ्याकडं बघायचं नाही तर मग फिल्म कशाला? बरं, ते राहू दे. तो जिन्यावर बसला होता तेव्हा शेजारी कोण बसलं होतं गं? मला उडत-उडत कळलंय."

"कोण? ती गाणारी मुलगी होय? अहो, ती नुसती पाण्याची बाटली द्यायला गेली होती."

"बाटली द्यायला किती वेळ लागतो?"

"... ते कात्रीत गेलं हो काकू."

"कुणी कापलं? त्यानंच सांगितलं असणार! जिना ठेव म्हणाला आणि बाटली काढ म्हणाला, होय ना? खरं सांग, कुणाची आहे ती मुलगी? सांगलीची की इथलीच?"